रतीब घेणाऱ्यांना माळ दाखवताना

लातूर जिल्ह्यात, उदगीरपासून जवळच, आमची शेती आहे. तिच्यात काळी जमीन थोडी आणि बालाघाटच्या उताराचा मुरमाड माळ अधिक, त्यामुळे आमच्या घरात पीक आणि जनावर यांचा हिशेब कधीच वेगळा मांडला गेला नाही. गोठ्यात देवणी गाई आहेत. पांढऱ्या अंगाची आणि काळ्या तोंडाची ती वानेरा, पोटाखालच्या भागावर काळे ठिपके असलेली ती बालंक्या आणि सगळ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके असलेली ती शेवरा, हे तीनही प्रकार आमच्या दावणीला आहेत. ही जात दूध आणि ओढकाम अशा दोन्हींसाठी जोपासली गेली असल्याने एका वेतात साधारण आठशे-नऊशे लिटर दूध देते. शेजारच्या गोठ्यातली संकरित होल्स्टिन तेवढे दूध तीन महिन्यांच्या आत देऊन मोकळी होते.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सारे दूध गावातल्या संकलन केंद्रावर जात असे. केंद्राचा भाव 3.5 टक्के फॅट (स्निग्धांश) आणि 8.5 टक्के एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) या मापाला बांधलेला असतो. देवणीचे फॅट चारच्या वर असले तरी वाढीव पॉइंटमागे मिळणाऱ्या पैशांत तिच्या कमी दुधाची भरपाई होत नाही. भाव कोसळल्यावर राज्य शासनाने 2024 साली गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले. त्यासाठी जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद आवश्यक होती. ती अट आम्ही पूर्ण केली, अनुदानही मिळाले. परंतु दिवसाला तीन-चार लिटर देणाऱ्या गाईच्या बाबतीत लिटरमागे पाच रुपये म्हणजे कडब्याच्या एका पेंढीचा प्रश्नही नीट सुटत नाही. म्हणून निम्मे दूध केंद्राला आणि निम्मे उदगीरच्या घरांत रतिबाने, अशी सुरुवात करायचे ठरले. गोठा नवरा आणि सासरे पाहतात. गिऱ्हाइकांशी बोलणे, हिशेब आणि तपासणी ही कामे माझ्याकडे आली.

कागदपत्रांत फार वेळ गेला नाही. सहकारी दूध संस्थेचा सभासद आपले सगळे दूध संस्थेलाच घालत असेल तर त्याला अन्न सुरक्षा कायद्याखाली वेगळी नोंदणी लागत नाही. मात्र एक लिटर जरी थेट विकले तरी ती सवलत संपते. वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांना तेव्हा साधी नोंदणी पुरत असे. ती ऑनलाइन झाली आणि मिळालेला चौदा आकडी क्रमांक आम्ही कॅनवर रंगवून घेतला. केवळ तो क्रमांक वाचून दूध घेणारे एकही घर निघाले नाही, हेही इथेच नोंदवते. सर्वांचा प्रश्न एकच होता: पाणी तर घालत नाही ना?

या प्रश्नाला शपथ घेऊन उत्तर देण्यात अर्थ नसतो. मी केंद्रावरून जुने गर्बर यंत्र, म्हणजे हाताने फिरवायचे सेंट्रिफ्यूज, आणि काचेचे चार ब्युटिरोमीटर, म्हणजे स्निग्धांश मोजायच्या नळ्या, मागून घेतले आणि एका रविवारी सकाळी एका इमारतीच्या वाहनतळात टेबल मांडून त्यांच्यासमोरच तपासणी केली. आधी नळीत दहा मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल घ्यायचे, मग 10.75 मिलिलिटर दूध नळीच्या कडेने इतके सावकाश सोडायचे की दोन्ही थर मिसळू नयेत, वरून एक मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालून बूच घट्ट बसवायचे आणि नळी फडक्यात गुंडाळून हलवायची. त्या क्षणी पांढरे दूध गडद तपकिरी होते आणि काच हाताला चटका बसेल इतकी तापते. जमलेल्या काकूंपैकी दोघी तर टेबलापासून मागेच सरकल्या. आम्ल दुधातली प्रथिने विरघळवते, स्निग्धांश तेवढा मोकळा राहतो आणि फिरवल्यावर तो नळीच्या निमुळत्या मानेत चढतो. तिथे पिवळसर, पारदर्शक असा स्तंभ दिसू लागला आणि मापपट्टीवर 4.6 आकडा आला. शेजारी पिशवीतल्या टोन्ड दुधाची नळी होती, तिच्यावर 3.0 आला. पिशवीवर तोच आकडा छापलेला असतो, त्यात लबाडी काही नाही, असेही मी लगेच सांगितले. टोन्ड दुधाचा नियमच तीन टक्के स्निग्धांशाचा आहे. पिशवीच्या दुधाची बदनामी करून आपले विकणे मला त्या दिवशीही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

त्या रविवारी रतीब घेणारी घरे मिळाली. पुढे मृग बरसला, माळावर कोवळे गवत आले आणि तीच घरे तक्रार करू लागली, कारण दूध पातळ झाले होते, साय कमी येत होती आणि रंग मात्र पिवळट दिसत होता. "ताई, पावसाचं पाणी पडलं वाटतं कॅनमध्ये," असे एका काकांनी हसत म्हटले, पण त्या हसण्यात संशय होता. यंत्रावर फॅट 3.9 आले. गाईच्या कच्च्या दुधासाठी कायद्याने 3.2 पुरते, त्यामुळे नियमाने दूध उत्तम होते. पण ज्यांना मी स्वतःच 4.6 दाखवला होता त्यांना नियम सांगून काय उपयोग? तेव्हा गाईच्या पोटातली गोष्ट सांगावी लागली. कडबा आणि वाळलेले गवत यांत तंतू भरपूर असतात. गाय ते दीर्घकाळ रवंथ करते, पोटातले सूक्ष्मजीव त्या तंतूंपासून जे आम्ल तयार करतात त्यापासून दुधातली चरबी बनते. कोवळ्या गवतात पाणी अधिक आणि तंतू कमी, म्हणून दूध वाढते आणि साय उतरते. रंग पिवळा होतो तो हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटिनमुळे. तेच चैत्र-वैशाखात कडब्यावर असलेल्या गाईचे दूध पांढरे दिसते. बाजारातले दूध बारा महिने सारखे असते कारण कारखान्यात ते मोजून सारखे केले जाते. आमच्या गोठ्यात ऋतू बदलला की दूध बदलते. आता मी दरवर्षी मृगाच्या आधीच रतिबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ही सूचना टाकते आणि मग पंधरा दिवस कोणी विचारत नाही.

ज्या माळामुळे हे सगळे घडते तो काही वर्षांपूर्वी चरायच्या लायकीचा नव्हता. आमच्या भागात खरिपाची ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन आले. सोयाबीनने पैसा दिला हे नाकारता येत नाही, पण ज्वारीबरोबर कडबाही गेला आणि सोयाबीनचे भुस्कट त्याची जागा भरून काढत नाही. परिणामी गावातली उरलेली सगळी जनावरे वर्षभर माळावर आणि गायरानावर राहू लागली. गवताला फुलोऱ्यापर्यंत पोचण्याची सवडच मिळेना, पडलेल्या बियांना माती मिळेना, आणि उघड्या पडलेल्या मुरमावर गाजर गवताने ठाण मांडले.

आम्ही आमच्या माळावर उतारास आडवे समतल चर घेतले, पावसाआधी पवन्या आणि मारवेल या गवतांचे आणि स्टायलो या शेंगवर्गीय वैरणीचे बी टाकले आणि पहिले दोन पावसाळे एकही जनावर आत सोडले नाही. या बंदीला सासऱ्यांचा विरोध होता. घरचा माळ असताना विकतची वैरण आणायची ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती आणि त्या दोन वर्षांचा वैरणीचा खर्च पाहता त्यांचा राग अवाजवी होता असे मी म्हणणार नाही. त्यानंतर माळाचे पट्टे पाडले. सौर झटका मशीनची एक तार एका पट्ट्याभोवती फिरवायची, गाई तिथे थोडेच दिवस ठेवायच्या आणि गवत मूठभर उंचीवर आले की पुढच्या पट्ट्यात न्यायच्या. चरलेला पट्टा पुन्हा गुडघ्याएवढा वाढेपर्यंत रिकामा ठेवायचा. कुसळी गवताला कुसळे धरण्याआधी गाई त्यावर सोडाव्या लागतात, कारण एकदा काटेरी टोके आली की त्या तोंड लावत नाहीत आणि कुसळे जबड्यात रुतून जखमा करतात, हे सासऱ्यांनीच शिकवले. पट्टे कोणत्या क्रमाने चारायचे हे आता तेच ठरवतात.

गाजर गवताशी आमचा संबंध दुधाच्या चवीतून आला. एका उन्हाळ्यात तीन-चार घरांनी दूध कडवट लागते असे कळवले. भांडी पाहिली, कासेची तपासणी केली, वेताच्या शेवटच्या महिन्यांत आलेल्या गाईचे दूध खारट होते म्हणून ती वेगळी काढली, तरी कडूपणा जाईना. शेवटी गुराख्याने सांगितले की ओढ्याकाठी हिरवे काही उरले नाही, म्हणून गाई गाजर गवत ओरबाडत आहेत. एरवी गाय त्याला तोंड लावत नाही, पण टंचाईत खाते आणि त्यातले पार्थेनिन हे कडू द्रव्य दुधात उतरते. ओढ्याकडची चराई बंद केल्यावर काही दिवसांत तक्रारी थांबल्या. पुढच्या पावसात फुले येण्यापूर्वी गाजर गवत मुळासकट उपटायचे काम आम्ही हातमोजे घालून केले आणि मेक्सिकन भुंगे आणून सोडले. ते भुंगे पाने खाऊन झाड बोडके करतात, पण केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवून चालत नाही. हा सगळा प्रकार मी गटावर छायाचित्रांसह लिहिला. पैसे परत मागितले कोणी नाहीत, उलट ओढ्याकाठचे गाजर गवत उपटायला यायची तयारी दोन कुटुंबांनी दाखवली आणि ती खरोखर आलीही.

तेव्हापासून गिऱ्हाइकांना माळावर बोलावण्याची पद्धत पडली. येणाऱ्यांना बहुतेक गोठा पाहायचा असतो, गाईला गूळ-पोळी चारायची असते. मी आधी त्यांना शेणाचा पो दाखवते. पावसाळ्यात ताज्या पोवर शेणकिडे तासाभरात येतात. काही जण शेण खाली जमिनीत ओढून नेतात, काही त्याची गोळी करून मागच्या पायांनी ढकलत नेतात, आणि चांगल्या पावसात दोन-तीन दिवसांत त्या जागी भोके पडलेला भुसा तेवढा उरतो. शेण असे मातीत गेले की गवताला खत मिळते, पाणी मुरायला वाट होते आणि शेणावर वाढणाऱ्या माश्या कमी होतात. आयव्हरमेक्टिनसारखे जंतनाशक दिल्यावर ते औषध शेणातून बाहेर पडते आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारते. म्हणून आम्ही तारखा पाहून सरसकट जंतनाशक पाजणे सोडले. शेणाचे नमुने दवाखान्यात तपासून घेतो आणि ज्या जनावराच्या शेणात जंतांची अंडी अधिक आढळतील त्यालाच औषध देतो. मुले या भागात रमतात, मोठी माणसे नाकाला रुमाल लावून ऐकतात.

औषधांचाच दुसरा भाग दुधाशी थेट निगडित आहे. कासदाहाची शंका आली की चार खणांच्या तबकात चारही सडांचे थोडे थोडे दूध काढून त्यात तपासणीचे द्रावण घालायचे आणि तबक गोल फिरवायचे. निरोगी सडाचे दूध पातळच राहते आणि दाह असलेल्या सडाचे घट्ट, चिकट होऊन तबकाच्या तळाशी धरते. प्रतिजैविक दिले तर त्या औषधासाठी ठरवून दिलेले दिवस भरेपर्यंत त्या गाईचे दूध विकायचे नसते, केंद्रालाही घालायचे नसते. अशा दिवसांत रतीब कमी पडतो. "अमुक गाय औषधावर आहे, आज प्रत्येकी पाव लिटर कमी मिळेल" असा संदेश मी पहिल्यांदा पाठवला तेव्हा एका घराने आजारी गाईचे दूध आपल्याला इतके दिवस मिळत होते की काय या भीतीने रतीब बंद केला. बाकीच्यांनी मात्र पुढे स्वतःहून विचारायला सुरुवात केली, की आधी जिथे दूध घेत होतो तिथे असा संदेश कधी का आला नाही. त्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, कारण दुसऱ्याच्या गोठ्यात काय चालते ते मी पाहिलेले नाही.

जे प्रश्न नेहमी येतात त्यांत ए-टूचा क्रमांक पहिला. ऑगस्ट 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दुधावरचे ए-वन, ए-टू हे दावे काढायला सांगितले आणि आठवडाभरातच ती सूचना मागे घेतली, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. हा फरक दुधातल्या बीटा केसीन या प्रथिनातल्या एका अमिनो आम्लाचा आहे आणि आपल्या देशी गाई जवळजवळ सगळ्या ए-टू गटातच येतात, इतके मी सांगते. त्यामुळे मधुमेह बरा होतो, सांधे मोकळे होतात असे मी सांगत नाही आणि कॅनवर "देवणी गाईचे दूध" याखेरीज काही लिहीत नाही. ए-टू लिहिले तर लिटरला आणखी वीस रुपये मिळतील असा सल्ला शहरातल्या एका व्यापाऱ्याने दिला होता. सल्ला व्यवहाराचा होता, पण ज्या गोष्टीची हमी मला देता येत नाही तिचे पैसे घेऊन पुढे माळावर पाहुण्यांसमोर उभे राहणे कठीण गेले असते. कच्चे दूध पिण्याची हौस असलेल्यांशी तर मी वादच घालते. आमच्या कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिस या दुधातून माणसालाही होणाऱ्या रोगाची लस दिलेली आहे, तरीही दूध उकळूनच प्यायचे, हे प्रत्येक नव्या घराला पहिल्याच दिवशी सांगितले जाते.

एकदा महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने मिथेनबद्दल विचारले. गाय रवंथ करताना ढेकरांवाटे मिथेन सोडते आणि तो वायू तापमानवाढीस हातभार लावतो, हे खरेच आहे. देशी गाय निसर्गाला धरून असते असे म्हणून हा मुद्दा झटकून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. वास्तविक दिवसाला चार लिटर देणाऱ्या गाईचा मिथेन तेवढ्याच लिटरवर वाटला जातो, त्यामुळे दर लिटरमागे तो संकरित गाईपेक्षा अधिक भरतो. मी तिला हे तसेच सांगितले. माळ हिरवा राहतो, माती धरून राहते, विकतची पेंड कमी लागते, हे दुसऱ्या पारड्यात आहे. पण एका पारड्यातले वजन दुसऱ्यात घालून हिशेब पुसता येत नाही. आम्ही करू शकतो ते इतकेच, की भाकड काळ लांबू नये म्हणून माजावर नीट लक्ष ठेवायचे आणि कोरड्या कडब्याबरोबर स्टायलो किंवा हादग्याचा पाला द्यायचा, म्हणजे त्याच चाऱ्यावर दूध थोडे वाढते. ती मुलगी समाधानी झाली की नाही ते मला कळले नाही. तिच्या घरचा रतीब चालू आहे.

वासराचा प्रश्न सोपा आहे असे मला वाटे. देवणी गाय वासराने कासेला तोंड लावल्याशिवाय पान्हा सोडत नाही, धार संपल्यावरही दोन सडांचे दूध वासरासाठी ठेवले जाते, आणि वासरू दगावले तर ऑक्सिटोसिन टोचून पान्हा काढण्याचा जो बेकायदा मार्ग आहे तो आम्ही वापरत नाही. त्या वेळी आंबोण पुढे ठेवून, कास कोमट पाण्याने पुसून जेवढे दूध उतरेल तेवढ्यावर भागवावे लागते. पण माळावर आलेली माणसे वासरू पाहून लगेच विचारतात, "आणि गोऱ्हा झाला तर?" तिथे उत्तर लांबते. पूर्वी देवणीचा गोऱ्हा म्हणजे घराची पुंजी होती. हाळी हंडरगुळीच्या बाजारात चांगल्या जोडीला कर्नाटकातूनही गिऱ्हाईक येई. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाची मागणी उतरली आणि 2015 पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. कायदा बरा की वाईट यावर माळावर तासन्तास चर्चा होते आणि त्यात मी पडत नाही. माझ्यासमोर प्रश्न असतो तो एवढाच, की जन्मलेल्या गोऱ्ह्याला तो आयुष्यभर खाणार तेवढी वैरण कोणी द्यायची. संकलन केंद्राच्या भावात ती कधीच धरलेली नव्हती. आम्ही आमच्या ऐंशी रुपये लिटरच्या भावात ती धरली आणि महिन्याच्या बिलावर "गोऱ्ह्यांची वैरण" म्हणून वेगळी ओळ छापायला सुरुवात केली, म्हणजे लिटरमागचे सहा रुपये कुठे जातात ते दिसावे. ही ओळ वाचून दोन घरे सोडून गेली. एका निवृत्त शिक्षकांनी, उलट, तीच रक्कम बैल कामाला लागल्यावर कमी होणार का असे विचारले आणि मला तो प्रश्न रास्त वाटला. गेल्या हंगामात आमची घरची जोडी रब्बीच्या पेरणीला शेजाऱ्यांच्या शेतात तिफणीवर भाड्याने गेली, त्या भाड्यातून दोन महिन्यांची कुट्टी निघाली, आणि त्या दोन महिन्यांच्या बिलांवर ती ओळ सहाऐवजी तीन रुपयांची झाली. यंदा तिसऱ्या गोऱ्ह्याला जू अंगावर घ्यायची सवय लावणे चालू आहे. तो शेवरा असून अंगाने थोराड आहे, पण अजून डाव्या बाजूला जुंपला की अडून बसतो.